तापिएसची चित्रे सिमेंटची नव्हेत

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आंतोनी तापिएस या स्पॅनिश अमूर्त चित्रकाराच्या कारकिर्दीवर लेख आला. सांगली-मिरजेच्या वाचकांपुढे हा चित्रकार आणल्याबद्दल प्रथम आभार. लेखात पारितोषिके नीट दिली आहेत. पण चित्रे कशाची केली आहेत, हा भाग 'सिमेंट-वाळू थापून केलेली चित्रे' एवढ्या शब्दांत उरकला आहे. हे बरोबर नाही आणि तापिएसच्या बाबतीत ही चूक लहानही नाही. आपल्याकडची चित्रकलेची मुले तापिएस मोबाइलवर पाहतात, हाताला लागेल ते प्लास्टर कॅनव्हासवर थापतात आणि प्रदर्शन आटोपून चित्र घरी येईपर्यंत थराचे पापुद्रे खाली आलेले असतात. मग अमूर्त चित्रे टिकतच नाहीत, असा समज पसरतो. तापिएसने १९५०च्या दशकात केलेली जाड थरांची चित्रे आजही लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत. फरक साहित्यात आणि ते वापरण्याच्या शिस्तीत आहे.

तापिएस पहिल्यापासून असे काम करत नव्हता. त्याचा जन्म बार्सिलोनाचा, १३ डिसेंबर १९२३चा. वडील वकील. ऐन तारुण्यात क्षयाने गाठले आणि बराच काळ अंथरुणावर व डोंगरातल्या आरोग्यधामात गेला. तिथे तो व्हॅन गॉग आणि पिकासो यांच्या चित्रांच्या नकला करत असे. पुढे कायद्याचे शिक्षण सुरू केले आणि अर्धवट सोडले. कलाशाळेत तो जेमतेम गेला, बाकी सगळे स्वतःच शिकला. १९४८ साली कवी जोआन ब्रोसा, चित्रकार मोदेस्त कुइशार्त, जोआन पोन्स, थारात्स आणि तत्त्वज्ञ अर्नाउ पुइग यांच्यासोबत त्याने 'दाउ अल सेत' हा गट आणि त्याच नावाचे नियतकालिक काढले. त्या काळातली त्याची चित्रे मिरो आणि क्ले या चित्रकारांच्या वळणाची आहेत: चंद्र, डोळे, जादूची चिन्हे, गडद अवकाशात तरंगणारे आकार. १९५० मध्ये बार्सिलोनात पहिले एकल प्रदर्शन झाले, त्याच वर्षी फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला गेला. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्था जॅक्सन गॅलरीत त्याचे प्रदर्शन लागले.

म्हणजे तिशीच्या आत त्याचे नाव अमेरिकेत पोचले होते. याच वाटेने पुढे जाणे सोपे होते. नेमक्या याच वेळी त्याने ती सगळी चित्रभाषा बाजूला ठेवली आणि भुकटी, वाळू, चिकट द्रव्य यांच्याकडे वळला. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय हाच आणि लेखात नेमका तोच नाही. १९३६ ते १९३९च्या स्पेनमधल्या यादवी युद्धात तो शाळकरी मुलगा होता. गोळ्यांच्या खुणा, खरवडलेल्या घोषणा, पुसलेली नावे अशा भिंतींत तो वाढला आणि भिंतीशी असलेल्या या नात्याबद्दल त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून त्याचे चित्र भिंतीचे चित्रण राहत नाही, ते स्वतःच भिंत होते. त्यावर ओरखडे, ठसे, फुल्या, आकडे, कधी पावलाची खूण. १९५८ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात युनेस्कोचे पारितोषिक आणि पिट्सबर्गमध्ये कार्नेगी पारितोषिक मिळाले ते याच कामाला. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने सिंहावलोकन प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती.

लेखातल्या 'गोणपाट शिवून केलेल्या चित्रां'बद्दलही एक दुरुस्ती. तरट फाडून, पिळून, दोऱ्यांनी शिवून, वर काळा-पांढरा रंग ओतलेली प्रसिद्ध चित्रे मानोलो मिलारेस याची. तो कॅनरी बेटांवरचा, १९२६चा, माद्रिदच्या 'एल पासो' गटातला. तापिएस त्या गटात नव्हता. त्यानेही कापड, दोऱ्या, गवत वापरले, पण त्याचा गाभा थर आणि थरावरची खूण हाच आहे.

आता साहित्याकडे. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या त्याच्या १९५७च्या राखाडी-हिरव्या चित्राची नोंद सांगते: तैलरंग, इपॉक्सी रेझिन (कडक होणारे कृत्रिम चिकट द्रव्य) आणि संगमरवराची भुकटी, कॅनव्हासवर. गुगेनहाइममधले १९५८चे 'ग्रान पिंतुरा', म्हणजे मोठे चित्र, तैलरंग आणि वाळूचे आहे. त्याचे माप २००.३ बाय २६१.६ सेंटिमीटर, सुमारे साडेसहा फूट बाय साडेआठ फूट. भुकटी, वाळू आणि त्यांना धरून ठेवणारे बंधक द्रव्य, असा हा हिशेब आहे. संगमरवराची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्याने घट्ट होत नाही, फुगत नाही, तापत नाही. चित्रात ते फक्त जागा भरते. थराला पकड मिळते ती बंधकाची.

सिमेंट आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांचे याच्या उलट. ती दोन्ही पाण्याशी रासायनिक क्रिया करून कडक होतात आणि कडक झाल्यावर वाकत नाहीत. कॅनव्हास मात्र हवेतल्या दमटपणानुसार सैल आणि ताठ होत राहतो, चौकट उचलली तरी हलतो. वाकणाऱ्या कापडावर न वाकणारा थर बसवला की तो तडकणारच. प्लास्टर ऑफ पॅरिसला वेळही थोडा मिळतो, दहा-वीस मिनिटांत ते आवळते. शिवाय पावसाळ्यात ओल धरून ते भुसभुशीत होते. त्यात फेव्हिकॉल घातले की भागते, ही समजूतही चुकीची आहे. ठिसूळपणा थोडा कमी होतो, जात नाही. सिमेंटमध्ये आणखी एक दोष आहे. ते तीव्र अल्कधर्मी असते आणि प्रशियन ब्लूसारखा रंग त्यात टिकत नाही. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची लांबी (पुट्टी) बनवलेली असते भिंतीवर मिलिमीटर-दीड मिलिमीटर थरासाठी, ती प्लायवर जाड चढवली की पापुद्र्यासारखी सुटते.

सांगलीच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंत हे काम नीट करता येते. तीन फूट बाय चार फुटांच्या चित्राचे उदाहरण घेऊ. आधार म्हणून १२ मिलिमीटर प्लाय घ्यावा आणि मागे दीड इंची पट्ट्यांची चौकट, मध्ये एक आडवी पट्टी. तापिएसची कित्येक चित्रे ताणलेल्या कॅनव्हासवर आहेत हे खरे, पण ती हवामान नियंत्रित दालनांत असतात. पुढे त्यानेही कापड लाकडावर चिकटवून आणि थेट लाकडावर भरपूर काम केले. प्लायचा गुळगुळीतपणा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडावा. सनमायका लावलेला तुकडा किंवा ऑइलपेंटचा हात दिलेली फळी घेऊ नये, पाण्यातले बंधक तिला धरत नाही. मग बंधक एक भाग आणि पाणी तीन भाग असा पातळ हात दोन्ही बाजूंना द्यावा. मागची बाजू विसरली तर एकाच अंगाने ओले होऊन वाळताना प्लाय वाकतो आणि एकदा वाकलेला प्लाय सरळ होत नाही. यावर मांजरपाट चिकटवून घेतला तर थराला चांगली पकड मिळते.

बंधक म्हणून ॲक्रिलिक बाइंडर उत्तम, रंगाच्या दुकानात तो लिटरवर मिळतो. फेव्हिकॉलने काम होते, पण ते दमटपणात थोडे मऊ पडते आणि पाण्यात राहिले तर सुटते. मिश्रण मापाने असे: संगमरवराची भुकटी तीन भाग, चाळलेली वाळू एक भाग, बंधक एक ते सव्वा भाग, पाणी लागेल तेवढेच आणि तेही चमच्याचमच्याने. थापीवर घेऊन थापी उभी धरली तर गोळा हळू सरकावा, ओघळू नये. भुकटी फरशीवाल्यांकडे मिळते. ती नसेल तर बारीक पांढरी रांगोळी चालते, ती जरा खरबरीत पोत देते. नदीची वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, नाहीतर गाळ बंधक पिऊन टाकतो. समुद्राची वाळू मुळीच वापरू नये, तिच्यातले मीठ पुढे पांढऱ्या बुरशीसारखे वर फुटते. भुकटी ओतताना आणि वाळलेला थर घासताना नाकावर मास्क हवाच, वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साठून राहते.

या मापाच्या चित्रावर सरासरी चार मिलिमीटर थर द्यायचा तर साडेचार लिटर मिश्रण लागते. वाळल्यावर त्याचे वजन आठ किलोच्या आसपास भरते. प्लाय आठ किलो, चौकट दोन किलो. असे अठरा किलोचे चित्र एका खिळ्यावर टांगायची वस्तू नाही.

चार मिलिमीटर एका दमात चढवू नयेत. एका वेळी दोन मिलिमीटर, मग सुकू द्यावे. मार्च-एप्रिलमध्ये एक दिवस पुरतो, जुलैत दोन-तीन दिवस लागतात. जाड थराची वरची कातडी आधी वाळते आणि आत ओलच राहते. ती आतली ओल नंतर निघून जाते, आकारमान घटते आणि वरची कातडी फाटते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्याच कारणाने. पाणी जास्त असेल, बंधक जास्त असेल किंवा लवकर वाळावे म्हणून पंखा लावला वा चित्र उन्हात ठेवले, तर भेगा हमखास पडतात. बंधक कमी पडले तर भेगा पडत नाहीत, पण अंगठा घासला की पांढरी पूड हाताला येते. असा थर वाचवता येतो: बंधकात चौपट पाणी घालून तो पातळ हात ब्रशने सावकाश मुरवावा. थर कुठे सुटला आहे हे डोळ्याला दिसत नाही, ऐकू येते. गवंडी गिलावा तपासतो तसे बोटाच्या पेराने हलकेच वाजवत जावे. भरीव जागी आवाज बसका येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ जागेला बारीक छिद्र पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने बंधक सोडावे, वर प्लास्टिकचा कागद ठेवून रात्रभर वजन द्यावे.

रंग थरातच मिसळला तर ओरखड्याच्या आतही तोच रंग दिसतो. वरून लावला तर ओरखड्यात खालचा पांढरा दिसतो. तापिएस या दोन्ही गोष्टींचा जाणून उपयोग करतो. त्याचे रंग मातीचे आहेत: राखाडी, गेरूचा, तपकिरी, काळा. आपल्याकडची काव आणि पिवडी यासाठी अगदी योग्य. कोरडा रंग भुकटीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये, बंधक अपुरे पडते. काजळी पाण्यावर तरंगते, तिला आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवून घ्यावे. ओल्या मिश्रणाचा रंग वाळल्यावर बराच फिकट होतो, म्हणून आधी एका तुकड्यावर वाळवून पाहावा.

ओरखडा काढण्याची वेळ हेच या कामातले खरे कसब. फार लवकर काढला तर कडा आत वाहतात आणि रेघ मऊ, लोण्यात काढल्यासारखी दिसते. फार उशीर झाला तर कपच्या उडतात. बोट टेकवल्यावर चिकटत नाही पण नखाची खूण उमटते, ती वेळ धरावी. त्या वेळी खिळ्याने ओढलेल्या रेघेच्या एका बाजूला मिश्रणाची बारीक वळी उभी राहते, तिची सावली रेघेत पडते आणि रेघ दुप्पट काळी दिसते. कोरड्या हवेत ही वेळ तास-दीड तासाने येते आणि फार टिकत नाही. पावसाळ्यात ती दुसऱ्या दिवसावर जाते. म्हणून चित्र काय करायचे हे आधी पक्के ठरवावे लागते. तापिएस फळा जमिनीवर आडवा ठेवून काम करत असे. उभ्या फळ्यावर ओले मिश्रण खाली बसते, हे त्याचे साधे कारण. 'मनात आले तसे फासले' हा त्याच्या चित्रांवरचा आरोप एकदा हे मिश्रण हातात घेतले की टिकत नाही.

आपल्याकडे 'अमूर्त' म्हटले की वासुदेव गायतोंडे यांचे नाव सर्वांत आधी येते आणि यावे. ते तापिएसहून एका वर्षाने लहान, जन्म नागपूरचा, १९२४चा. झेन विचाराची ओढ दोघांनाही होती आणि गुगेनहाइममध्ये दोघांचीही सिंहावलोकने झाली, तापिएसचे १९६२ साली, गायतोंडे यांचे २०१४ साली. पण विद्यार्थ्यांनी दोघांना एकाच पिशवीत घालू नये. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे पातळ थर चढवत व उचलत, प्रकाश आतून झिरपल्यासारखा येतो. तापिएसच्या चित्रात प्रकाश बाहेरून येऊन उंचवट्यावर अडतो. गायतोंडे यांच्या वाटेने जायचे असेल तर वरची भुकटीची सगळी कृती निरुपयोगी आहे.

पुढची वर्षे थोडक्यात. १९६६ मध्ये बार्सिलोनातल्या कापुचिन मठात विद्यार्थी संघटनेच्या गुप्त सभेला हजर राहिल्याबद्दल हुकूमशहा फ्रँकोच्या पोलिसांनी तापिएसला पकडले आणि दंड झाला. १९७०च्या डिसेंबरात बास्क कार्यकर्त्यांवर बुर्गोस शहरात चाललेल्या लष्करी खटल्याच्या निषेधार्थ मोंतसेर्रातच्या मठात कोंडून घेतलेल्या कलावंत-लेखकांत तो होता. १९७१चे 'कातालान आत्मा' (कातालान म्हणजे बार्सिलोनाच्या कातालोनिया प्रांताचा) हे पिवळ्यावर लाल पट्ट्यांचे, भिंतीवर लिहिल्यासारख्या शब्दांनी भरलेले चित्र त्या वातावरणातले आहे. १९६९ आणि १९७० मध्ये त्याने गवत वापरले, त्यातले एक काम म्हणजे गवताने भरलेले कार्यालयीन टेबल. (आपल्या हवेत कडबा वापरायचाच असेल तर बंधकात पूर्ण बुडवून, वाळवून मगच लावावा, नाहीतर एका पावसाळ्यात बुरशी आणि किडे.) १९८०च्या दशकात तो पारदर्शक व्हार्निशकडे आणि भाजलेल्या मातीच्या शिल्पांकडे वळला. १९८४ मध्ये स्थापन केलेली त्याची संस्था १९९०पासून बार्सिलोनाच्या एका जुन्या प्रकाशनगृहाच्या विटांच्या इमारतीत आहे, गच्चीवर त्याचेच तारांचे मोठे वेटोळे, 'ढग आणि खुर्ची'. १९९३ला व्हेनिस बिएनालेचा सुवर्णसिंह हा पुरस्कार. मोज्याचे १८ मीटर उंच शिल्प मात्र १९९२च्या सुमारास वादात अडकले आणि शेवटी २०१० मध्ये पावणेतीन मीटरचे होऊन त्या संस्थेच्या गच्चीवर उभे राहिले. ६ फेब्रुवारी २०१२ला तो गेला.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. चित्र छापताना त्याखाली नाव, वर्ष, माध्यम आणि माप द्यावे. साडेआठ फुटी चित्र पानावर तीन इंचांचे होते, तेव्हा मापाशिवाय वाचकाला काहीच कळत नाही. आणि थराच्या चित्राचा फोटो फ्लॅश मारून घेऊ नये. समोरून पडलेला उजेड सगळ्या सावल्या खाऊन टाकतो आणि चित्र सपाट, मळकट डागासारखे दिसते. फोटोत तापिएस कंटाळवाणा वाटतो त्याचे निम्मे कारण हे आहे. दिवा चित्राच्या एका बाजूला, भिंतीशी वीस-तीस अंशांचा तिरपा कोन करून ठेवावा.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांनाही हेच लागू आहे. वरच्या ट्यूबलाइट बंद करून बाजूच्या खिडकीचा उजेड घेतला तरी मोठा फरक पडतो. मुलांना प्रत्यक्ष चित्र समोर उभे राहून, बाजूने वाकून पाहायची सवय लावायची तर सातारा जिल्ह्यातले औंधचे श्री भवानी संग्रहालय जवळ आहे. तिथे अमूर्त चित्रे शोधायला जाऊ नये. राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांवर रंग कुठे जाड, कुठे पातळ आहे हे तिरप्या नजरेने पाहायला जावे, हेन्री मूरचे 'माता आणि मूल' पाहायला जावे. छापील चित्रात हे कधीच दिसत नाही.

आणि ज्यांच्याकडे अशी चित्रे आधीच आहेत त्यांच्यासाठी: ती एकावर एक आडवी रचू नयेत, खालच्याचे उंचवटे चिरडतात. उभी ठेवावीत, मधे थर्माकोलचे कोपरे द्यावेत, प्लास्टिक थेट पृष्ठभागावर गुंडाळू नये कारण आत दव धरते. टांगताना भिंतीत दोन ठिकाणी रॉलप्लग घालून स्क्रू घ्यावेत आणि मागच्या चौकटीला तिरपी कापलेली लाकडी पट्टी लावून ती भिंतीवरच्या जोडपट्टीवर बसवावी. नदीकाठच्या घरांत तळमजल्यावर ठेवू नयेत. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर हे वेगळे सांगायला नको, पण पाण्यात भिजलेला फेव्हिकॉलचा थर कोणत्याही उपायाने परत बसत नाही. फक्त ओल लागलेले चित्र मात्र उन्हात न ठेवता सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे उभे करून पंधरा दिवस वाळवले तर बहुधा वाचते.

आपले,
चित्रकलेचे काही शिक्षक,
विश्रामबाग, सांगली